उंबऱ्यावरची नळी

"मालकानं सांगतलं, हे बोलत नाई," असं म्हणून रिठदच्या देशमुखांच्या सालदारानं फडक्यात गुंडाळलेली पेटी माझ्यापुढे ठेवली आणि तो बिडी पेटवायला ओट्याखाली गेला.

मी शिरपूरला मंदिराच्या रस्त्यावर एका कापडवाल्याच्या ओट्यावर दुकान मांडून बसलो होतो. पेटी उघडली. आतलं ऐकण्याचं यंत्र जसंच्या तसं. बॅटरी पाहिली, ती ताजी. बटण कानाला लावलं. आत कापडवाला एका गिऱ्हाइकाशी लुगड्यावरून हुज्जत घालत होता, ती शब्दन् शब्द ऐकू आली. मला रागच आला. चालणारं यंत्र बोलत नाही म्हणतात म्हणजे काय?

ही जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मी कारंज्याच्या एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला होतो. मालकांना सगळे शेठजीच म्हणत. चष्म्यांबरोबर आम्ही कमी ऐकू येणाऱ्यांसाठी लागणाऱ्या वस्तूही ठेवत असू. महिन्यातले पंधरा दिवस मी दुकानात आणि पंधरा दिवस सर्व्हिस मोटारीनं नाहीतर बैलगाडीनं गावोगाव. शिरपूरला यात्रेकरू येत, त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ, म्हणून तिथला फेरा मी कधी चुकवत नसे.

माझ्या पेटीत तीन प्रकारचा माल असे. पहिला कर्णा. जस्ताचा भोंगा, निमुळतं टोक कानात आणि रुंद तोंड बोलणाऱ्याकडे. दुसरी नळी. ही तीन-साडेतीन हात लांब, आतून पोकळ, वरून काळ्या सुताचं विणकाम. एक टोक ऐकणाऱ्याच्या कानात बसतं, दुसऱ्या टोकाला छोटा पेला असतो, त्यात बोलायचं. तिसरं यंत्र. त्याची डबी छातीवर लावायची. डबीत कोळशाचे बारीक दाणे असतात, आवाजानं ते हलतात, बॅटरीच्या जोरावर आवाज मोठा होतो आणि हातभर तारेतून कानातल्या बटणाकडे जातो. कधीकधी दाणे एकमेकांना चिकटत, मग डबीवर टिचकी मारायची. यंत्र विलायतेहून येई. मला त्याचा फार अभिमान होता. कर्णा आणि नळी मी पेटीच्या तळाशी टाकून ठेवत असे. दोन वर्षांत नळी एकही विकली नव्हती.

नानासाहेब देशमुख महिनाभरापूर्वी शिरपूरला माझ्याकडे आले होते. सत्तरीचे, उंच, पांढरा फेटा. स्वतःचं बोलणं ऐकू येत नसल्यामुळे आवाज चांगला खणखणीत. बरोबर त्यांचा पुतण्या श्यामराव. नानासाहेबांनी एवढंच सांगितलं की पैशाकडे पाहू नका, मला ऐकू येईल असं काहीतरी द्या.

मी माझ्या पद्धतीनं सगळं तपासलं. खिशातलं घड्याळ कानापासून किती लांब नेलं तरी टिकटिक ऐकू येते ते पाहिलं. दोन दातांचा लोखंडी काटा आपटून त्याची गुणगुण ऐकवली. पाठीमागे उभा राहून आकडे बोललो, कारण समोरून बोललं की बहिरा माणूस ओठ वाचतो आणि तपासणी फसते. कोणता कान जास्त अधू, कधीपासून, कान वाहतो का, डोक्यात आवाज होतात का, सगळं विचारून कार्डावर लिहिलं. मग यंत्र चढवलं. नानासाहेबांनी माझं ऐकलं, श्यामरावांचं ऐकलं, कापडवाल्याचं ऐकलं, मंदिरातली घंटा ऐकली. म्हातारा लहान मुलासारखा हसला. मी त्याच दिवशी शेठजींना पोस्टकार्ड टाकलं की रिठदला यंत्र गेलं.

आणि आता तेच यंत्र फडक्यात बांधून परत आलं होतं.

शेठजींचा एक नियम होता. परत आलेला माल दुकानात तपासायचा नाही, जिथे बिघडला तिथे जाऊन तपासायचा. त्या वेळी मला हा नियम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं सुख वाटायचं. शेठजी गादीवर बसणार आणि आम्ही गाडीत हाडं खिळखिळी करून घेणार. पण नोकरी म्हणजे नोकरी. सालदाराची बिडी संपल्यावर मी सगळी पेटी उचलून त्याच्याच गाडीत बसलो.

रिठदला पोचेस्तोवर दिवे लागले होते. जेवण, झोप. सकाळी चहा झाल्यावर मी ओसरीवर नानासाहेबांना यंत्र लावलं आणि सहज विचारलं, रस्त्यात कपाशी चांगली दिसली, वेचणी सुरू झाली का? त्यांनी लगेच उत्तर दिलं. मग मी आवाज उतरवला, लांब गेलो, पाठ केली. सगळं ऐकू आलं. म्हटलं, नानासाहेब, यंत्र तर चालतंय.

"यंत्र चांगलं हाय," ते म्हणाले. "तुमचं ऐकू येते, श्यामचं ऐकू येते. गावातल्या कुत्र्याचं बी येते. ज्याच्यासाठी आनलं तेच नाई येत."

"कोणाचं?" मी विचारलं. शिरपूरला माझ्या कार्डावर बारा प्रश्न होते. हा तेरावा मी त्या सकाळी पहिल्यांदा विचारला.

"सूनबाईचं," ते म्हणाले आणि उठून आतल्या दाराशी जाऊन बसले.

ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये ते दार होतं. दाराला जाड पडदा. नानासाहेब पडद्यापासून हातभर अंतरावर, पाठ चौकटीला टेकून बसले आणि आत पाहून म्हणाले, बोल बरं. आतून कोणीतरी बोललं. माझे कान धड होते, तरी मलासुद्धा नुसती कुजबूज लागली. मी नानासाहेबांच्या कानातलं बटण मागून घेतलं आणि स्वतःच्या कानाला लावलं. आढ्यावरच्या पारव्याचं घुमणं मोठं झालं, गोठ्यातल्या बैलाची घुंगरं मोठी झाली, डबीवर घासणारा सदरा खरखरला. या सगळ्या गदारोळात बाईचा आवाज बुडून गेला होता. यंत्र बिचारं प्रामाणिक, जवळचं ते मोठं करत होतं.

माझी चूक माझ्या लक्षात आली. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातो. बायकांचा, पोरांचा. पुरुषांचा जाड आवाज शेवटपर्यंत टिकतो. हे मी लोकांना शिकवत असे. पण शिरपूरच्या ओट्यावर मी जे जे आवाज नानासाहेबांना ऐकवले, ते सगळे पुरुषांचे होते.

मी म्हणालो, बाईंना जरा पुढे येऊन डबीजवळ बोलू द्या, मग जमेल.

ओसरीवरच श्यामराव येऊन बसले होते. त्यांनी लगेच मला खूण केली आणि विहिरीकडे नेलं.

तिथे सगळं कळलं. या घरात सून सासऱ्यापुढे येत नाही आणि सासऱ्याशी थेट बोलत नाही. सूनबाई बारा वर्षांच्या असताना या घरात आल्या. तेव्हापासून त्यांचं आणि नानासाहेबांचं सगळं बोलणं सासूबाईंच्या तोंडून होई. सासूबाई त्या दाराच्या उंबऱ्यावर बसत, अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर, आणि इकडचं तिकडे सांगत. दोन वर्षांपूर्वी नानासाहेबांचा एकुलता एक मुलगा तापानं गेला. सूनबाईंना मूलबाळ नाही. आणि गेल्या आषाढात सासूबाईही गेल्या. तेव्हापासून सूनबाई श्यामरावांना सांगत, कारण ते नात्यानं धाकटे दीर, आणि श्यामराव नानासाहेबांच्या कानात ओरडत.

सव्वा महिन्यापूर्वी सूनबाईंच्या भावाचं पत्र आलं होतं. बहिणीला कायमची माहेरी घेऊन जातो, असं त्यात होतं, आणि आता परवा तो गाडी घेऊन येणार होता.

"वहिनी हो म्हनल्या हायेत," श्यामराव म्हणाले. "म्या सोता काकाजीले सांगतलं. पन त्यायचं मन मानून नाई राह्यलं. मले एकवार तिच्या तोंडून ऐकू द्या म्हनतात, मंग खुशाल जाऊ दे. त्याच्यासाठी तर शिरपूरले आलतो."

तेवढ्यापुरतं पडद्याआडून बोलायला सूनबाईही तयार झाल्या होत्या. विहिरीच्या काठावर मला माझीच लाज वाटली. त्या म्हाताऱ्याला सगळं जग ऐकायचं नव्हतं. त्याला एकाच माणसाचं एक वाक्य ऐकायचं होतं, तेही परवाच्या आत. आणि मी त्याला मंदिराची घंटा ऐकवून परत पाठवला होता.

परत येताना डोकं चालवत होतो. डबी पडद्याआड द्यावी, तर तार हातभरच. तार लांबवण्याचं सामान कारंज्यालाही नव्हतं, मुंबईहून मागवावं लागलं असतं. बाईंना मोठ्यानं बोला म्हणावं, तर सगळा जन्म हळू बोलण्यात गेलेला. त्या ओरडल्या असत्या तरी आधी अर्ध्या गावानं ऐकलं असतं. मी पेटीशी बसलो आणि उगीचच माल खालीवर करू लागलो. तळाशी हाताला नळी लागली.

ती बाहेर काढली, झटकली, फुंकर मारून आत काही अडकलं नाही ना ते पाहिलं. मग नानासाहेबांच्या बैठकीपासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापलीकडे अंदाजानं लावून पाहिली. पुरत होती.

श्यामरावांना सांगितलं, एक टोक काकाजींच्या कानात, एक टोक पडद्याखालून आत. कोणी कोणापुढे यायला नको. श्यामरावांनी पेल्याचं टोक हातात घेऊन उलटसुलट केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"याले तोंड लागीन," ते म्हणाले. "उष्टं होईन ते. अन् ते काकाजीनं कानाले लावाचं?"

माझ्या बारा प्रश्नांत हाही नव्हता. मी म्हणणार होतो की तोंड लावायचं नाही, चार बोटं लांब धरायचं. पण नानासाहेबांनी यंत्राचं बटण परत कानात घातलं होतं आणि श्यामरावांचा आवाज चांगला जाड. त्यांनी ऐकलं होतं.

"घरच्या लेकराचं उष्टं कायचं रे?" नानासाहेब म्हणाले. "आन इकळे."

मी त्यांच्या कानातलं बटण काढलं, नळीचं टोक बसवलं आणि पेला उंबऱ्यावर ठेवून मागे सरलो. पडद्याखालून एक हात आला आणि पेला आत गेला. मी भिंतीकडे तोंड करून सूचना दिल्या. बाई, पेला ओठांपासून चार बोटं लांब धरा. अजिबात ओरडू नका, त्यानं कानाला इजा होते. देवापुढे हात जोडून जेवढ्या आवाजात बोलता तेवढ्याच आवाजात बोला.

नळीबरोबर हेच सांगणं सगळ्यांत अवघड असतं. पुढे मी पुष्कळ नळ्या दिल्या, पण बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हटलं की लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात, आणि कानात नळी असलेला माणूस कळवळून ती फेकून देतो. या बाईंना मात्र काहीच शिकवावं लागलं नाही. ज्या हळू आवाजापुढे माझं विलायती यंत्र हरलं होतं, तोच आवाज नळीला हवा होता.

नानासाहेब दचकले. त्यांनी नळी कानातून काढून तिच्याकडे पाहिलं, परत घातली आणि म्हणाले, "हो. येते. बोल."

मी आणि श्यामराव ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. नळीतलं बोलणं बाहेर फुटत नाही, त्यामुळे बाई काय म्हणाल्या ते आम्हाला कळणं शक्य नव्हतं. पण नानासाहेबांचा आवाज खणखणीत. तेवढी एक बाजू ऐकू येत राहिली. बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मग म्हणाले:

"कोन म्हनलं? ... मी? मी कवा म्हनलं?"

श्यामरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"अवं, मले वाटलं तुलेच जाचं हाय."

नानासाहेबांनी एका हातानं नळी कानाशी धरली होती, दुसऱ्या हातानं फेट्याचा शेव डोळ्यांना लावला होता. मग त्यांनी मान हलवली, जणू पडद्यातून ती दिसणार होती.

"राह्य," ते म्हणाले. "राह्य, माय. हे घर तुयंच हाय."

माझे डोळे भरले. गिऱ्हाइकाच्या घरी रडायचं नाही असा काही शेठजींचा नियम नव्हता, त्यामुळे मी ते लपवलं नाही.

झालं होतं ते असं. भावाचं पत्र आल्यावर नानासाहेबांनी श्यामरावांकडून विचारलं, तुझी काय मर्जी? सूनबाई म्हणाल्या, मामाजी म्हनतीन तसं. चांगल्या घरची सून दुसरं काय म्हणणार? हे श्यामरावांनी काकांच्या कानात ओरडलं ते असं, की हो म्हणते. त्यावर नानासाहेब म्हणाले, तिची मर्जी असीन तर माही ना नाई. श्यामरावांनी आत जाऊन सांगितलं, जा म्हणतात. बाई उंबऱ्याआड पेटी भरायला बसल्या आणि नानासाहेब बाहेर डोक्याला हात लावून बसले.

यात श्यामरावांचा काडीचा स्वार्थ नव्हता. वेगळं घर, वेगळी शेती. पण रोज बहिऱ्याच्या कानात ओरडणाऱ्या माणसाला वाक्याचा शेंडा-बुडखा छाटायची सवय लागते. मोठं वाक्य ओरडता येत नाही. मग दहा शब्दांचे दोन होतात, आणि दोघंही एकमेकांचा मान राखत बोलत असले म्हणजे त्या दोन शब्दांत नेमकं हवं ते राहून जातं. सासूबाईंच्या वेळी हे कधी झालं नाही. त्या दोघांनाही ओळखून होत्या, न बोललेलं सुद्धा सांगत असतील.

श्यामरावांनी काकांपुढे जाऊन स्वतःचे कान धरले. चाळिशीचा माणूस, मिशा पिकायला लागलेला. नानासाहेब रागावले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की सूनबाईच्या भावाला येऊ दे, चार दिवस पाहुणा म्हणून राहू दे, आणि जेवायला पुरणपोळी करा.

मी यंत्र बांधायला घेतलं, तर त्यांनी हात धरला. पाहुण्याशी ओसरीवर बोलायला ते लागणार होतं. म्हणजे परत आलेलं यंत्र तपासायला गेलेला मी ते तिथेच ठेवून आणि वर एक नळी देऊन आलो. यात माझी हुशारी शून्य. मला तर फक्त पेटी उचकायचं सुचलं होतं.

कारंज्याला आल्यावर शेठजींना सगळं सांगितलं. वाटलं होतं, बोलणी बसतील. त्यांनी तपासणीचं कार्ड मागितलं, चष्मा लावून बाराच्या बारा प्रश्न वाचले आणि म्हणाले की नवीन कार्डं छापायला टाका, आणि हा तेरावा प्रश्न पहिल्या जागी घ्या. मग गल्ल्याकडे वळून आपल्या कामाला लागले. शेठजींचे उपकार मानायचे म्हटले तर यादी मोठी होईल, पण मला ते त्या दिवशी सगळ्यांत जास्त वाटले. परत आलेला माल जिथे बिघडला तिथे जाऊन पाहा, या त्यांच्या नियमाला मी पुन्हा कधी नावं ठेवली नाहीत.

त्यानंतर जो कोणी म्हातारा माझ्यापुढे बसला, त्याला मी घड्याळ कानाशी नेण्याआधी विचारत आलो, तुम्हाला कोणाचं ऐकायचं आहे? सगळ्यांचं, असं उत्तर मला क्वचितच मिळालं. कोणाला नातीचं ऐकायचं असे, कोणाला कीर्तनकाराचं. कारंज्याच्या एका आडत्याला लिलावाची बोली ऐकायची होती, त्याला यंत्र दिलं. मंगरूळच्या एका आजींना फक्त शेजारीण काय बोलते ते ऐकायचं होतं, त्यांना काय द्यावं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढच्या वर्षी रिठदहून निरोप आला की नळीचं कानातलं टोक सैल झालंय. मी शिरपूरला सकाळी कापडवाल्याकडे पोटभर जेवूनच सर्व्हिस मोटारीनं निघालो. नानासाहेब दाराशी त्याच जागी बसले होते. नळीवर आता निळ्या चिटाची खोळ होती, बारीक टाक्यांनी शिवलेली. पडद्याआडूनच कोणीतरी ती शिवली असणार. मी टोक बदललं, फुंकर मारली, नानासाहेबांच्या कानात बसवलं. ते काही क्षण ऐकत राहिले आणि हसले. मग त्यांनी कानातलं टोक काढून माझ्यापुढे धरलं.

"तुमच्याशीच बोलाचं म्हनते," ते म्हणाले.

वर्षभर मी दुसऱ्यांच्या कानांत नळ्या घातल्या, पण स्वतःच्या कानात घालायची पाळी कधी आली नव्हती. घातली. आवाज इतका जवळून आला की मी दचकलो. अगदी हळू, स्वच्छ, एकेक शब्द सुटा.

"भाऊ, जेवल्याबिगर जाऊ नका."

तर त्या दिवशी दुपारपर्यंत मी दोनदा जेवलो. शिरपूरला जेवण झालं होतं, हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.